रातोरात नवा रकाना कसा उगवला?



ह्या वर्षीच्या प्रवेशाच्या वेळी एक आजी सोमवारी मोठ्या नातवाचा फॉर्म भरून गेल्या आणि मंगळवारी धाकट्या नातीसाठी पुन्हा आल्या. आपल्या शिक्षिका मोबाइलवर एकेक प्रश्न विचारून फॉर्म भरत होत्या. 'तिसरी भाषा कोणती घेणार?' हा प्रश्न आला आणि आजी थबकल्या. म्हणाल्या, "बाई, काल ह्यात संस्कृत आणि उर्दू दोनच होतं. आज मराठी कुठून आलं? रात्रीत कोणी केलं हे?"

मी सांगितले, "बडे बाबूंनी केलं. दहा मिनिटं लागली."

आजींना ते खरे वाटले नाही. आपले बडे बाबू हिंदीभाषी, निवृत्तीला दोन वर्षे राहिलेली, टायपिंग पक्के, एक्सेल कामापुरते. त्यांना प्रोग्रामिंगचा गंधही नाही. मग प्रोग्राममध्ये बदल त्यांनी कसा केला? त्यानंतर आणखी चार-पाच पालकांनी हेच विचारले, म्हणून वार्तापत्राच्या ह्या अंकात त्याचे उत्तर लिहीत आहे. मी स्वतः संगणकाची तज्ज्ञ नाही. पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे लिहिताना मध्येच हिंदी डोकावली तर सांभाळून घ्यावे. आपल्या एका माजी विद्यार्थ्याने दोन सुट्ट्यांमध्ये बसून मला आणि बडे बाबूंना जे शिकवले तेच इथे मांडते.

आधी मागची हकिकत सांगायला हवी, कारण त्याशिवाय ह्या दहा मिनिटांचे मोल कळणार नाही. शाळेच्या कार्यालयात कित्येक वर्षे एक संगणक-प्रणाली होती. तिच्यात प्रवेशाचा फॉर्म होता आणि तिसऱ्या भाषेसाठी खाली उघडणारी एक सूची होती. त्या सूचीत मराठी नव्हते, 'अन्य' होते. आपली मुले सगळी त्या 'अन्य'मध्ये पडायची. वर्षअखेरीस विषयवार आकडे निघाले की संस्कृतपुढे आकडा, उर्दूपुढे आकडा, आणि मराठी हा शब्दच कागदावर नाही. एका वर्षी बैठकीत प्रश्न आला, की जो विषय कोणी घेतच नाही त्यासाठी अर्धवेळ शिक्षिका कशाला ठेवायची? मी आणि मराठीच्या बाईंनी तीन दिवस बसून कागदी फॉर्म हाताने चाळले आणि अडतीस नावे काढून दाखवली, तेव्हा तास वाचला. प्रणाली बनवणाऱ्यांना सूचीत एक शब्द वाढवायला सांगितले तर उत्तर आले, की त्यासाठी प्रोग्राम बदलावा लागेल, खर्च वेगळा पडेल आणि काम पुढच्या सत्रात होईल. पुढचे सत्र आले आणि गेले.

मला तेव्हा राग आला होता. आता वाटते, त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. त्यांच्या प्रोग्रामची घडणच तशी होती. त्यात प्रत्येक चौकट, प्रत्येक बटण, सूचीतला प्रत्येक शब्द प्रोग्रामच्या आत कोरलेला. इथे 'विद्यार्थ्याचे नाव' असे लिही, त्यापुढे एक चौकट काढ, त्याखाली 'जन्मतारीख' लिही, अशा आज्ञा एकामागून एक. सूचीत एक शब्द वाढवायचा म्हणजे ह्या आज्ञांमध्ये हात घालायचा, प्रोग्राम पुन्हा तयार करायचा, तपासायचा आणि कार्यालयातल्या प्रत्येक संगणकावर नव्याने चढवायचा.

दुसरी पद्धत अशी, की प्रोग्रामला कोणत्याही एका फॉर्मची माहितीच नसते. त्याला फक्त चौकटी काढता येतात. मजकुराची चौकट, आकड्यांची चौकट, तारखेचे कॅलेंडर, एकच पर्याय निवडायची सूची, अनेक पर्यायांवर खूण करायची सूची, असे मोजके प्रकार त्याला ठाऊक. कोणत्या चौकटी, कोणत्या क्रमाने, कोणत्या शीर्षकाखाली काढायच्या हे एका वेगळ्या साध्या फाइलीत लिहिलेले असते. प्रोग्राम सुरू झाला की ती फाइल वरून खाली वाचतो आणि वाचता वाचता पडदा तयार करतो. शिंप्याकडे आपण मापाची चिठ्ठी देतो ना, तसे. चिठ्ठीला शिवता येत नाही आणि शिंप्याला तुमचे माप पाठ नसते. बाही दोन इंच वाढवायची असेल तर चिठ्ठीवरचा आकडा बदलतो, शिंपी बदलत नाही.

ही पद्धत काही आजची नाही. आपण ब्राउझरमध्ये जे पान पाहतो ते मुळात एक मजकुराची फाइलच असते. टिम बर्नर्स-ली ह्यांनी सर्न ह्या युरोपीय संशोधन केंद्रात वेबची सुरुवात केली तेव्हापासूनची ही रीत. संगणकावर कोणतेही पान उघडून उजवे बटण दाबा आणि पानाचा 'सोर्स' पाहा, कोनी कंसांतल्या खुणांनी भरलेला मजकूर दिसेल. फायरफॉक्स ब्राउझरचे स्वतःचे मेनू आणि बटणेसुद्धा बरीच वर्षे अशाच मजकुराच्या फाइलींतून घडत असत. अँड्रॉइड मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये पडद्याची मांडणी बहुधा एका फाइलीत आणि त्यावरचे शब्द दुसऱ्या फाइलीत असतात. बनवणाऱ्याने मराठीसाठी शब्दांची वेगळी फाइल ठेवली असेल आणि मोबाइलची भाषा मराठी केली, तर त्याच चौकटींवर मराठी शब्द येऊन बसतात. अशा फाइलींसाठी एक्सएमएल नावाची लिहिण्याची पद्धत १९९८ साली प्रमाण म्हणून मान्य झाली. तिच्यात खुणांची नावे देवनागरीतही ठेवता येतात, हे ऐकून आमच्या मराठीच्या बाई फार खूश झाल्या.

आपण ज्या साधनावर फॉर्म केला त्याचे नाव ओडीके, म्हणजे ओपन डेटा किट. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ मध्ये त्याचे काम सुरू झाले. आरोग्य, शेती, शिक्षण अशा क्षेत्रांत गावोगाव जाऊन माहिती गोळा करणाऱ्यांसाठी ते बनले आणि ते मोफत व मुक्त आहे. गावात फिरणाऱ्या कार्यकर्त्यापाशी प्रोग्रामर कुठून असणार? म्हणून त्यात फॉर्म लिहायची सोय चक्क एक्सेलच्या तक्त्यात आहे. ह्या पद्धतीला एक्सएलएसफॉर्म म्हणतात. तक्त्यात एक ओळ म्हणजे एक प्रश्न. आपल्या फॉर्मच्या काही ओळी मी इथे देते. मूळ फाइलीत पहिले दोन रकाने इंग्रजी अक्षरांत आहेत, वाचकांसाठी मी ते देवनागरीत उतरवले आहेत.

टेक्स्ट | नाव | विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव
डेट | जन्म | जन्मतारीख
टेक्स्ट | समग्र | समग्र आयडी
सिलेक्ट वन भाषा | तिसरी | तिसरी भाषा कोणती घेणार?

पहिला रकाना चौकटीचा प्रकार सांगतो. 'टेक्स्ट' वाचले की मोबाइल लिहिण्याची चौकट काढतो, 'डेट' वाचले की कॅलेंडर आणतो. चौथ्या ओळीत 'सिलेक्ट वन' म्हणजे एकच निवडा आणि 'भाषा' हे सूचीचे नाव. ही सूची त्याच फाइलीच्या दुसऱ्या पानावर असते, तिथेही एक ओळ म्हणजे एक पर्याय. सोमवारी त्या पानावर दोन ओळी होत्या, कारण बडे बाबूंनी जुन्या प्रणालीची सूची जशीच्या तशी उतरवली होती. 'अन्य' तेवढे माझ्या सांगण्यावरून गाळले होते. मराठी घालायचे मात्र मीही विसरले, ही चूक माझी. सोमवारी संध्याकाळी त्यांनी तिसरी ओळ लिहिली. एक छोटा प्रोग्राम हा तक्ता वाचून त्याची एक्सएमएल फाइल बनवतो, ती सर्व्हरवर ठेवली जाते, आणि सकाळी शिक्षिकांनी आपापल्या मोबाइलवर फॉर्म ताजा करून घेतला. मोबाइलमधले अ‍ॅप कालचेच होते, त्याला कोणी हात लावला नाही. आजींना दिसलेले मराठी एवढ्यातूनच आले. सोमवारच्या पालकांना मग आम्ही फोन करून विचारले.

फाइलीत 'काय विचारायचे' एवढेच लिहिलेले असते, 'कसे दिसावे' हे बरेचसे वाचणाऱ्या प्रोग्रामवर सोडलेले असते. म्हणूनच आमच्या मोबाइलवर एका वेळी एक प्रश्न येतो आणि बोटाने सरकवला की पुढचा येतो. तीच फाइल ब्राउझरमध्ये उघडली तर सगळे प्रश्न एका लांब पानावर येतात. ज्या पालकांना घरी लिंक पाठवली त्यांनी दुसरा प्रकार पाहिला. फॉर्म एकच होता.

ओळीत आणखी रकाने जोडता येतात आणि खरी सोय तिथे आहे. उत्तर आवश्यक आहे की नाही, हा एक रकाना. अट हा दुसरा. समग्र सदस्य आयडी नऊ अंकांचा असतो आणि परिवार आयडी आठ अंकांचा. पूर्वी अर्धे पालक एकाच्या जागी दुसरा लिहून जायचे आणि मग बडे बाबू महिनाभर फोन करत बसायचे. आता 'नऊच अंक हवेत' अशी अट त्या ओळीपुढे लिहिली आहे. आठ अंक लिहिले तर मोबाइल पुढे सरकत नाही, 'हा परिवाराचा क्रमांक तर नाही ना, पाहा' असे विचारतो. हे वाक्यही बडे बाबूंचेच आहे, फाइलीत लिहिलेले. तिसरा रकाना 'केव्हा विचारायचे' ह्याचा. तिसऱ्या भाषेत मराठी निवडली तरच पुढचा प्रश्न उघडतो, 'घरी मराठी कोण कोण बोलतात?' संस्कृत घेणाऱ्याला तो प्रश्न दिसतच नाही.

शाळेचे फॉर्म दरवर्षी का बदलतात, असे काही पालक वैतागून विचारतात. समग्र आला, आधार आला, मग यूडायसची प्रत्येक विद्यार्थ्यामागे वेगळी नोंद आणि तिचा पेन क्रमांक आला, नंतर अपार आयडी आला. हे आमच्या हातात नाही. प्रत्येक वेळी प्रोग्राम बदलावा लागला असता तर आम्ही दर वर्षी एक सत्र मागेच राहिलो असतो.

आता भाषेबद्दल. प्रश्नाच्या शीर्षकाचे तीन रकाने ठेवले आहेत, मराठी, हिंदी आणि इंग्रजी. 'आईचे नाव' असे विचारले काय आणि 'माता का नाम' असे विचारले काय, उत्तर मधल्या रकान्यातल्या एकाच अंतर्गत नावाखाली जमा होते. शासनाकडे जाणारी माहिती एकच, विचारायची भाषा ज्याची त्याने निवडावी. मला ह्या सगळ्यात हे अंतर्गत नाव सर्वांत महत्त्वाचे वाटले, आणि ते आम्हाला ठेच लागूनच कळले. प्रवेशाच्या चौथ्या दिवशी बडे बाबूंना मोबाइल नंबरच्या ओळीतले अंतर्गत नाव आवडले नाही म्हणून त्यांनी ते जरा सुटसुटीत केले. शीर्षक तेच, चौकट तीच, पालकांना काहीच फरक दिसला नाही. संध्याकाळी यादी काढली तर पहिल्या तीन दिवसांच्या सगळ्या फॉर्मांपुढे नंबराची जागा रिकामी! माहिती हरवली नव्हती, ती जुन्या नावाखाली होती. संगणकाच्या दृष्टीने मात्र हा नवाच प्रश्न झाला होता. तेव्हापासून बडे बाबूंच्या टेबलावर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: 'लेबल बदलो, नाम मत बदलो.'

आणखी एक अडचण आपल्या भागातल्या बहुतेक कार्यालयांना येईल, म्हणून जरा सविस्तर सांगते. बडे बाबूंची सगळी उमर कृतिदेव फाँटवर टाइप करण्यात गेली. पहिला तक्ता त्यांनी कृतिदेवमध्येच केला. संगणकावर सुंदर देवनागरी दिसत होती. मोबाइलवर उघडला तर सगळ्या प्रश्नांच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. कारण असे, की कृतिदेवमध्ये आत साठवलेली अक्षरे रोमनचीच असतात, फाँट त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवतो. फाइल दुसरीकडे गेली आणि फाँट सोबत गेला नाही की मुखवटा उतरतो. साध्या मजकुराच्या फाइलीसोबत फाँट जातच नाही. म्हणून इथे युनिकोडच हवे, ज्यात 'क' हा आतूनही 'क'च असतो. बडे बाबू आधी घाबरले, ह्या वयात नवा की-बोर्ड कसा शिकणार? पण रेमिंग्टनची तीच मांडणी ठेवून युनिकोडमध्ये टाइप करायची सोय मिळते. बोटे तीच राहिली, आत उमटणारी अक्षरे बदलली.

फाइल साधी असली तरी ती काटेकोर असावी लागते. एका पानावर सूचीच्या नावात इंग्रजी 'ए' एकदा आणि दुसऱ्या पानावर दोनदा लिहिला गेला, तर फॉर्म तयारच होईना. सुदैवाने चूक कोणत्या ओळीत आहे ते यंत्र सांगते. ही शिस्त आठवी-नववीच्या मुलांना गणितापेक्षा लवकर समजते असे दिसले. संगणकाच्या तासाला त्यांनी वाचनालयाच्या पुस्तक-मागणीचा फॉर्म असाच बनवला. त्यातल्या एका मुलाने बडे बाबूंना एक गंमत दाखवली. एक्सेलच्या फाइलीची प्रत करायची, तिच्या नावाचा शेवट बदलून 'झिप' करायचा आणि उघडायची, तर आत एक्सएमएलच्याच मजकूर-फाइलींचा गठ्ठा निघतो. म्हणजे ज्या एक्सेलला आपण एवढी वर्षे यंत्रातले यंत्र समजत होतो, तेही कुठली तरी चिठ्ठी वाचूनच तक्ता मांडते.

सगळे ह्याने होते असे मात्र समजू नये. शिंप्याला शेरवानी शिवता येत नसेल तर चिठ्ठीवर शेरवानी लिहून काय उपयोग? आम्हाला फॉर्म भरता भरताच बसचे भाडे दाखवणारा शहराचा नकाशा हवा होता. ते ह्या साधनात आम्हाला जमले नाही, त्यासाठी खरा प्रोग्रामरच लागेल. शिवाय अटी वाढत गेल्या की फाइलही गुंतागुंतीची होते. आमच्या फॉर्ममध्ये एका वेळी 'हे असेल तर ते, पण ते नसेल तर हे' असे इतके झाले, की माजी विद्यार्थ्याने फोनवर ऐकून सांगितले, "मॅडम, आता तुम्ही प्रोग्रामच लिहिताय, फक्त एक्सेलमध्ये." सात अटी आम्ही काढून टाकल्या.

आणि ज्याला फाइल बदलता येते त्याला ती बिघडवताही येते. म्हणून फाइल दोघांच्याच हाती ठेवली आहे, प्रत्येक बदलाची तारीख वहीत लिहिली जाते आणि जुनी प्रत पुसली जात नाही. मुलांची माहिती ज्या सर्व्हरवर जाते त्याचा पासवर्डही दोघांकडेच आहे. काही पालकांनी ह्याबद्दल काळजीने विचारले होते, त्यांचे विचारणे योग्यच होते.

पालक स्वतः पडद्यावर नाव पाहू लागल्यामुळे न ठरवता एक काम झाले. जुन्या प्रणालीत भरणाऱ्याच्या सवयीने कितीतरी काळे 'काले' आणि गोळे 'गोले' होऊन बसले होते. ह्या वेळी पालकांनी तिथल्या तिथे 'ळ' दुरुस्त करून घेतला. ज्यांच्या मुलांचे जुने दाखले चुकीच्या आडनावाने निघाले आहेत त्यांनी कार्यालयात अर्ज द्यावा. दाखल्यातली दुरुस्ती दहा मिनिटांत होत नाही, तिला नियमांप्रमाणे वेळ लागतो.

तिसऱ्या भाषेची यादी निघाली आहे. ह्या वर्षी तिच्यात मराठीचा स्वतःचा रकाना आहे आणि त्यापुढे सत्तेचाळीस नावे आहेत. ती यादी मी बैठकीत ठेवली, कोणी काही विचारले नाही. मराठीचा तास सोमवार ते गुरुवार चौथ्या घंटेला होईल.

पुढच्या वर्षीच्या फॉर्ममध्ये एखादा प्रश्न हवा किंवा नको असे वाटत असेल तर कागदावर लिहून दिवाळीच्या सुट्टीपूर्वी बडे बाबूंकडे द्यावा. मराठीत लिहिला तरी चालेल, ते आता वाचतात.